खडूवरची रेघ

"कानानं बगा की, अण्णा," असं म्हणून मिस्त्री हातभर लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात द्यायचा. टोक चालू इंजिनावर, मूठ कानाला. मला नुसती घरघर ऐकू यायची. मी आपला मान डोलवायचो. तोही डोलवायचा. मी ढोंग करतोय हे त्याला कळत होतं का, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. खाकी हाफपँट, खिशात शेंगा, नखांत जन्माचं ग्रीस. माणसांशी मराठीत बोलायचा आणि इंजिनाशी कन्नडमध्ये. गाडी सुरू होत नसली की बॉनेटवर हात ठेवून "बारप्पा, बा," म्हणजे ये बाबा, ये, असं लाडीगोडीनं म्हणायचा. एकदा मी विचारलं, "मिस्त्री, विलायती इंजिनाला कन्नड कळतं का हो?" तो गंभीरपणे म्हणाला, "मराठीत सांगून बगितलं. ऐकत न्हाय."

आणखी एक खोड होती. आपण दसऱ्याला हत्यारांना कुंकू लावतो. हा बारा महिने लावायचा, तेही नटबोल्टांना. कुंकू वॉर्निशमध्ये कालवलेलं असायचं. स्वतःच्या हातानं आवळलेल्या प्रत्येक नटावर एक ठिपका. ठिपका दिसला की त्याला दुसऱ्या कुणी पाना लावायचा नाही, असा त्याचा दंडक.

माझी गाडी दोन दारांची, जुनी. सोमवार ते शनिवार आमच्या टॉवेल-चादरींचे नमुने घेऊन अक्कलकोट, करमाळा करायची. रविवारी होटगी रस्त्यावरच्या जुन्या धावपट्टीवर आम्ही पाच-सहा वेडे गाड्या पळवायचो. दोन टोकांना डांबराचे रिकामे ड्रम ठेवायचे, त्यांना वळसा घालून परत यायचं. मिस्त्री वळणाजवळच्या कडुलिंबाखाली बसून शेंगा खात ऐकायचा. गाड्यांकडे बघायचाही नाही.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वर्षातून एकदा खरी शर्यत व्हायची. दोन वर्षं लागोपाठ मी दुसरा आलो होतो. वडील वैतागले होते. त्यांना शब्द देऊन बसलो होतो की यंदा शेवटची. मग गाडी फक्त टॉवेलांची. आणि नेमकं शर्यतीला तीन महिने असताना माझं इंजिन गेलं. आतला रॉड तुटून इंजिनाचा ओतीव सांगाडा, म्हणजे ब्लॉक, फोडून बाहेर आला.

होटगी स्टेशनाजवळच्या भंगारवाल्याकडे आम्हाला दोन इंजिनं सापडली. दोन्ही माझ्या गाडीत बसणारी. एक करमाळ्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरच्या गाडीचं. त्यांनी ती आयुष्यभर बैलगाडीच्या चालीनं चालवलेली. दुसरं ट्रकखाली चेपलेल्या गाडीतलं. मोठ्या पिस्टनचं, म्हणजे जास्त ताकदीचं, जेमतेम वापरलेलं. फक्त ते गाडीला जिथं आवळतात तिथला एक कान तुटला होता. मिस्त्रीनं मडकं वाजवावं तसा पान्यानं त्याचा ब्लॉक वाजवला. त्याचा चेहरा असा काही उजळला की बारशाला आलोय असं वाटावं.

"हे लई चांगलं हाय, अण्णा," तो हळूच म्हणाला. "कानाला पितळी पट्टी मारू की."

ठरलं. भंगारवाल्यानं दोन्ही इंजिनं गॅरेजवर पोचवली. नको असलेलं तो परत नेणार होता. मी रात्रभर जागा. आता मला कोण हरवतो ते बघतोच, अशा गमजा बायकोपुढे मारून झाल्या.

दोन दिवसांनी मिस्त्रीचा निरोप आला, येताना घरून खडू आणा. मुलीच्या दप्तरात गुलाबी खडूच होते. तेच नेले. त्यानं मोठ्या इंजिनाच्या ब्लॉकला रॉकेल लावलं होतं, पुसलं होतं. त्यावर माझ्या देखत खडूची पूड भुरभुरली. ब्लॉकला तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पुडीवर रेघ उठते. ही तपासणी सगळे मिस्त्री करतात. आम्ही बघत राहिलो. गुलाबी पुडीवर वीतभर काळसर रेघ उमटली.

"तडा हाय," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, बिचाऱ्यालाही वाईट वाटलं असेल.

मग डॉक्टरचं इंजिन घेतलं. मोठं भंगारात परत गेलं, असं मी धरून चाललो. त्यावर त्यानं जीव तोडून काम केलं, हे मी शपथेवर सांगेन. रोज संध्याकाळी मी चहाची किटली घेऊन जायचो, पाने हातात द्यायचो. झडपा त्यानं हातानं घासल्या. नट आवळला की ठिपका, आवळला की ठिपका. दुपारी मात्र शटर अर्धं खाली असायचं. जेवून झोपत असेल, म्हणून मी कधी ठोठावलं नाही.

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या फेरीपर्यंत मी पहिला होतो. मग ड्रमजवळ एका कंत्राटदाराचा मुलगा मला आतल्या बाजूनं कापून पुढं गेला. त्याची गाडी माझ्यासारखीच. पोरगा नुसता आग. दोनदा गाडी बाभळीत घालून बसलेला. पण त्याची गाडी अशी कधी पळाली नव्हती. मी तिसऱ्यांदा दुसरा आलो.

त्याला शाबासकी द्यायला गेलो. खरंच गेलो, मनात काही नव्हतं. त्याचं बॉनेट उघडं होतं. प्रत्येक नटावर कुंकवाचा ठिपका. आणि इंजिनाच्या कोपऱ्यावर, तुटक्या कानाला, पितळी पट्टी.

मिस्त्री लिंबाखाली शेंगा सोलत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"मिस्त्री, तडा कुठं आहे?"

हातातली शेंग त्यानं खाली ठेवली. "तडा न्हवता."

"मग रेघ कशी उठली?"

"दोरा रॉकेलात भिजवून आदीच लावून काढला हुता."

"माझ्या पोरीच्या खडूवर?"

मी ओरडलो असेन, कारण लोक बघायला लागले. "का? किती दिलं त्यानं तुला?" मी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"काय न्हाय दिलं जादा. जे तुमी दिलं तेच." मग मांडीवरची टरफलं झटकून म्हणाला, "अण्णा, तुमी वळणाला पाय उचलता."

"काय?"

"ॲक्सिलेटरवरनं. ड्रम यायच्या आदी. दर येळी. मी हितनं ऐकतो की. तसं इंजिन माज्या हातात पुन्यांदा यायचं न्हाय. त्याला न भिणारा मानूस पायजे हुता."

"तोंडावर सांगायचं होतं!"

"कसं सांगू?" त्याचे डोळे भरले होते. "तुमी रोज किटली घिऊन येत हुता."

मी पाठ फिरवली. तो खोटं बोलला म्हणून संताप होताच. पण पाय उचलतो हे खरं होतं आणि ते मला माहीत होतं, म्हणून जास्त झोंबलं. ज्याला मी गडी समजत होतो, त्यानं माझी भीती मोजून ठेवली होती आणि माझ्याच हातून खडू मागवला होता. ती शिवी होती. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

नंतर मी त्याच्या गॅरेजची पायरी चढलो नाही. रस्त्यात दिसला तर बाजू बदलायचो. त्याचे निरोप यायचे, "झडपांचे टॅपेट ऐकून घ्या म्हनावं." मी उत्तर दिलं नाही. गाडी दुसरीकडे न्यायचो. तिथला मिस्त्री बॉनेट उघडायचा, ठिपके बघायचा आणि बॉनेट लावून टाकायचा. "याला हात कशाला लावू?" म्हणायचा. डॉक्टरचं ते इंजिन वर्षानुवर्षं टॉवेल वाहत राहिलं. एकदाही रस्त्यात थांबलं नाही.

माझा जुना मिस्त्री वारल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. घरी भेटायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं आणि काय म्हणून जायचं? त्या रविवारी गाडी काढून धावपट्टीवर गेलो. ड्रम कधीच नाहीसे झाले होते. लिंब होता. मनाशी ठरवलं, आज उचलायचा नाही. वेग घेतला. वळण आलं आणि पाय उचलला गेला.

लिंबाखाली गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. बॉनेट उघडलं. ठिपके काळे पडले होते, पण एकही गळाला नव्हता. डिकीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला आणि कानाला लावला. या खेपेला ढोंग करायला समोर कुणी नव्हतं. बराच वेळ ऐकलं. एकेक झडप वेगळी ऐकू आली. सगळ्या ठीक होत्या. मला त्याच्यावर चिडायचं होतं, अजून पुष्कळ चिडायचं होतं. त्यासाठी त्या इंजिनात एखादी तरी खोट सापडायला हवी होती.