सासूचं काम

टीव्हीवर पहिलं काम मिळालं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. मालिकेच्या कचेरीतली मुलगी फॉर्म भरत होती. याआधी अभिनय कुठे केला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पुसद तालुक्यात, सरकारी नोकरीत. तिने ती रेघ कोरी सोडली.

पण ते खरं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. मी नेर गावाकडच्या शेतकऱ्याची मुलगी, मॅट्रिक झालेली, ग्रामसेविका म्हणून पुसदला नेमलेली. बिनधुराची चूल कशी बांधावी, पाणी का उकळावं, हे गावोगाव बायकांना सांगायचं. बायका सगळं नीट ऐकून घेत आणि आपापल्या धुराच्या चुलीकडे परत जात.

देवीच्या लसीचंही तेच चाललं होतं. म्हणून आमच्या साहेबांनी नाटक लिहिलं. एक हट्टी सासू नातवाला देवी टोचू देत नाही. डॉक्टर तिला शास्त्र समजावतो. शेवटी ती म्हणते, चुकलं माझं. डॉक्टर व्हायला शाळेचे एक मास्तर मिळाले, सून व्हायला दोघीजणी तयार होत्या. सासू व्हायला कुणीच नव्हतं. मग माझ्या केसांना पीठ लावलं आणि नऊवारी नेसवून मला सासू केलं. मी बावीस वर्षांची होते.

सासूला साहेबांनी थोडीच वाक्यं दिली होती आणि तीही मूर्खासारखी. माझी आत्या लस घेत नसे, पण ती मूर्ख नव्हती. मी तिची वाक्यं घातली. तालमीत साहेब हसले आणि असू द्या म्हणाले.

पहिला प्रयोग उमरखेडच्या रस्त्यावरून आत एका बंजारा तांड्यावर झाला. जीप परत न्यायची होती म्हणून रात्रीची वाट न पाहता दिवस कलतानाच सुरू केला. तांड्याचा प्रमुख म्हणजे नाईक, त्याच्या अंगणात दोन बाजा टाकल्या, तेच स्टेज. सगळ्यांत पुढे तांड्यातली सर्वांत म्हातारी बाई बसली होती. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि नजर माझ्यावरून हलेना.

मी नातवाला कवेत घेतलं. नातू म्हणजे गुंडाळलेली चादर. डॉक्टरला म्हटलं, "देवी आपल्या पायानं येते. सरकारच्या जीपमंदी बसून येत नाही."

लोक हसले. मग हसणं थांबलं आणि माना हलायला लागल्या. मला बरं वाटलं. मी आत्याची आणखी दोन वाक्यं टाकली.

मास्तरांचं शास्त्र लांबलचक होतं. ते अर्ध्यात आलं तेव्हा चरायला गेलेली गुरं परतली आणि निम्मा तांडा गुरं बांधायला उठला. सासूने चूक कबूल केली ती साहेब, ड्रायव्हर आणि काही म्हाताऱ्यांसमोर. याडीही उठून गेली होती.

नाटकानंतर देवी डॉक्टर, म्हणजे लस टोचणारा सरकारी माणूस, टेबल मांडून बसला. एकही माणूस आला नाही. नाईक अतिशय नम्रपणे साहेबांना म्हणाला की नाटक चांगलं झालं, त्या बुढीचं म्हणणं आम्हाला पटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आणि देवी डॉक्टरला पुन्हा तिथेच पाठवलं. मी माझ्या पांढऱ्या पाचवारीत दारोदार फिरले. लस घ्या म्हटलं की बायका म्हणत, काल तर त्या बुढीनं नाही म्हटलं. ती बुढी मीच होते, असं सांगितलं की त्या एकमेकींकडे बघत. शेवटी याडीसमोर जाऊन उभी राहिले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू नाही," ती म्हणाली. "ते बुढी शाहानी होती. तिले आण."

माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. एका घरातून पीठ मागितलं, नाईकाच्या बायकोने कुठूनसं लुगडं आणून दिलं. केस पांढरे करून, पाठ वाकवून मी अंगणातल्या टेबलासमोर बसले आणि दंड पुढे केला. माझी लस आधीच झालेली होती. देवी डॉक्टरने ती पुन्हा टोचली. याडी अगदी जवळ येऊन बघत होती.

"दुखलं का?" तिने विचारलं.

दुखत नाही म्हणायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. नाटकातल्या डॉक्टरचंही तेच वाक्य होतं. पण मी सासूच्या आवाजात म्हटलं, "दुखते, बाई. जराकसंच. उद्या हात जड होईन."

याडीने थोडा विचार केला. मग बांगड्या वर सरकवायचा प्रयत्न केला, त्या सरकेनात, तेव्हा मनगटाच्या वर जी जागा उघडी होती तीच पुढे केली. तिच्यामागे तिच्या सुना आल्या, सुनांमागे पोरं. दुपारपर्यंत लस संपली. त्या दिवसाएवढा आनंद मला पुढे कुठल्याही टाळीने झाला नाही.

साहेबांनी अहवालात मास्तरांच्या भाषणाचा परिणाम लिहिला. सासूचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलं. पुढच्या गावांत मी सून झाले. सुनेला फक्त मान डोलवायची होती आणि ते मला जमत नव्हतं. वर्षभरात नाटकच बंद पडलं. मग लग्न, बदल्या, दोन मुलं. नोकरी करत राहिले. नाटकाचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही.

निवृत्तीनंतर मुलाकडे मुंबईला गेले. तिथे खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मालिकेसाठी एक म्हातारी शोधत होते. मला केसांना पीठ लावावं लागलं नाही. तेवीस वर्षं मी सासू, आजेसासू, मावशी आणि एकदा न्यायाधीश केली. मग गुडघे दुखायला लागले, म्हणून शेवटच्या मालिकेच्या लेखकाने मला काशीयात्रेला पाठवलं. मालिका अजून चालू आहे. माझ्या परत येण्याविषयी त्यातल्या घरात कुणी बोलत नाही.