अहवालांमागचं पुस्तक

कॉलेज सोडताना प्रयोगशाळा, वसतिगृह, ग्रंथालय, सगळ्यांच्या सह्या आणाव्या लागतात. माझी एकच राहिली होती, ग्रंथालयातल्या काकांची. तिथे जायला पाय उचलत नव्हता, कारण मी तिथे चोरी केली होती. बरं, चोरी नाही, लपवाछपवी म्हणा.

गणिताच्या एका चांगल्या पुस्तकाची तिथे एकच प्रत होती. पहिल्याच वर्षी मी ती जुन्या वार्षिक अहवालांच्या मागे दडवली. त्या अहवालांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. तीन वर्षं मी हवं तेव्हा पुस्तक काढलं, वाचलं, परत दडवलं. मैत्रिणी माझ्यासमोर त्या पुस्तकचोराच्या नावाने बोटं मोडायच्या. मीही निर्लज्जासारखी मोडायचे.

आज ते गुपचूप मूळ जागी ठेवायला काढलं, तर मागे काका उभे!

"मिळालं का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"अहवालांवरची धूळ मीच पुसतो ना."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की," फॉर्मवर सही करत काका म्हणाले. "तुझ्या मैत्रिणी रोज सकाळी इथेच बसून वाचायच्या आणि तू यायच्या आत परत अहवालांमागे ठेवायच्या. मला बजावलं होतं, तिला कळू देऊ नका, बिचारीला ओशाळल्यासारखं होईल."