हजर माणसाची पावती

लातूरच्या गवळी गल्लीत एका सोमवारी बातमी उठली, की कलेक्टर कचेरीतल्या विरूपाक्ष आप्पांनी भोकरहून माणूस पळवून आणला. दुपारपर्यंत त्या माणसाचे हात बांधले गेले, संध्याकाळी तोंडात बोळाही आला. खरं इतकंच, की आप्पांनी नरसिंगला एस.टी.नं आणलं, तिकीट स्वतः काढलं, नांदेडच्या स्टँडावर दोन प्लेट भजी चारली आणि खिडकीची जागाही त्यालाच दिली. असं पळवून नेणारा भेटला, तर निम्मी गल्ली पिशवी भरून तयार होती.

माणूस का आणला, हे सांगायचं तर आप्पांच्या सहीपासून सुरुवात करायला हवी.

ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आप्पा उस्मानाबादहून अव्वल कारकून म्हणून बदलून आले. कचेरीत खुर्च्या कमी आणि फायली भुईवर, पण आप्पांचा रुबाब असा, की जिल्हा जणू यांच्याच टेबलावरून मंजूर झाला. सही बघण्यासारखी. आधी ढेरीवाला ‘वि’, मग घाटातल्या रस्त्यासारखी वळत जाणारी रेघ आणि शेवटी दोन टिंबं. ती टिंबं इतक्या जोरात द्यायचे, की खालच्या कागदालाही भोक पडायचं.

पतपेढीत पगारदाराच्या सहीला काय भाव असतो, हे गल्लीला ठाऊक होतं. कुणाला गिरणी टाकायची, कुणाला म्हैस घ्यायची. जामीनदार म्हणून आप्पा ठरलेले. दिवसभर कचेरीत वाचल्यासारखं करून ते इतके दमलेले असत, की घरी आलेला कागद वाचायचं त्राण उरत नसे. चहा पोटात गेला की पेनाचं टोपण निघालंच.

बायको शिवगंगा कुरकुरायची. तिचा जीव औसा रोडला घेऊन ठेवलेल्या प्लॉटात अडकला होता. भाड्याच्या दोन खोल्या, मालकाच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी आणि त्यातही तिचा नंबर चौथा. पगारातून साठवायचं आणि स्वतःच्या घराचा पाया घालायचा, एवढंच तिचं मागणं. आप्पा तिला कायदा ऐकवायचे. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उदगीरच्या अदालतीत चपराशी होते; आप्पांची सगळी वकिली त्या चपराशाच्या स्टुलावरून आलेली. जामीन दोन तऱ्हेचा, ते सांगायचे. माल जामीन असेल तर पैसे आपण भरायचे. हाजिर जामीन असेल तर पळालेला माणूस आणून उभा करायचा, की आपण सुटलो. आपण हाजिर जामीन. कुणाचा माल खाल्लाय आपण?

पुढं दुष्काळ पडला. गावोगाव टँकर लागले. गल्लीतल्याच नरसिंगनं आप्पांच्या सहीवर कर्ज काढून जुना ट्रक घेतला आणि वर टाकी बसवली. टाकीला गळती. मुरुडकडच्या गावांत तो पाणी न्यायचा, म्हणजे निम्मं रस्त्याला पाजायचा. शहाण्या बाया घागरी घेऊन टँकरच्या मागंच धावायच्या. ठेका गेला, हप्ते थकले, पतपेढीनं ट्रक ओढून भंगाराच्या भावात विकला आणि नरसिंग बहिणीकडं भोकरला जाऊन बसला. उरलेल्या रकमेची नोटीस आप्पांना आली.

आप्पा घाबरले नाहीत. रजा टाकून भोकरला गेले. नरसिंगनंही आढेवेढे घेतले नाहीत. बहिणीच्या घरी पाहुण्याची भाकरी रोज लहान होत चालली होती. पतपेढीत आप्पांनी त्याला दंडाला धरून मॅनेजर माणिकप्पांपुढं उभं केलं.

“घ्या. हजर हाय. ह्याची पावती द्या.”

माणिकप्पांनी आयुष्यात ठेवीच्या, हप्त्याच्या पावत्या फाडल्या होत्या. माणसाची कधी नाही. हसू आवरल्यावर त्यांनी समजावलं. जेवढं देणं कर्जदाराचं, तेवढंच जामीनदाराचं. आधी त्याच्या मागं लागा, मग माझ्या दारी या, असंही पतपेढीला म्हणता येत नाही. ज्याच्याकडून निघतील त्याच्याकडून पैसे काढायचे. शिवाय पगारातून कापून घ्यायला आप्पांनी त्याच अर्जात संमती दिलेली. सगळं भरल्यावर नरसिंगवर दावा लावायला मात्र आप्पा मोकळे.

आप्पांनी नरसिंगकडं पाहिलं. त्याच्या अंगातला सदरासुद्धा मेव्हण्याचा होता.

“आप्पा,” नरसिंग हळूच म्हणाला, “परतीच्या तिकिटाचं कसं?”

पंधरा दिवसांनी कपातीचं पत्र कचेरीत आलं. आस्थापनेचं टेबल आप्पांचंच. पत्र आवक केलं त्यांनी, पगारबिलात कपात लिहिली त्यांनी, खाली सहीही त्यांचीच. टिंबं त्या दिवशी फार हलकी पडली म्हणतात. घरी शिवगंगानं एकच विचारलं, “ह्या येळंला तरी वाचलं का?”

चार वर्षं कपात चालली. प्लॉटाच्या दोन्ही बाजूंना घरं उठली आणि मधे बाभळी माजल्या. कर्ज फिटलं तेव्हा शिवगंगानं आप्पांना पुन्हा पतपेढीत पाठवलं. ह्या खेपेला घराच्या कर्जासाठी. माणिकप्पांनी दोन पगारदार जामीनदार मागितले.

आप्पा गल्लीभर हिंडले. तलाठी व्यंकटीचा उजवा हात नेमका त्याच आठवड्यात मुरगळला. वीरभद्र मास्तरची म्हैस आप्पांच्याच सहीवर आलेली. त्यानं तिच्या दुधाचा दाट चहा पाजला आणि बायकोनं सही न करायची शपथ घातल्याचं सांगितलं. बाकीच्यांनी कायदा वाचायला सुरुवात केली. आप्पांच्या सह्यांवर उभी राहिलेली गल्ली ती, पण एकाच्याही खिशाला पेन दिसेना.

सोमवारी आप्पा पतपेढीत एकटेच गेले. माणिकप्पांनी त्यांच्या मागं दाराकडं पाहिलं आणि विचारलं, “जामीनदार कुठं हायत, आप्पा?”

“न्हाई मिळाले, साहेब. आमच्या गल्लीत न वाचता सही करणारा येडा एकच होता, अन् आता त्यालाच कर्ज पायजे.”