न झालेली फायनल

त्या वर्षी मी लीव्हचा अर्ज तीनदा बदलला. तिन्ही वेळा कारण एकच होतं: कोल्हापुरातली कॉलेजांची फुटबॉल फायनल. अर्जात मात्र ‘घरगुती काम’ लिहिलं. बहारीनमधल्या साहेबाला सगळं समजावत बसायला वेळ कुणाला होता? जनाबियातल्या एका कंपाउंडचं, म्हणजे भिंतीआडच्या बंगल्यांच्या वसाहतीचं, ऑफिस मी सांभाळते. एसी बंद पडला, टाकीत पाणी नाही, की पहिला फोन मला येतो.

फायनल माझ्या कॉलेजची आणि नवऱ्याच्या कॉलेजची होती. आमचं लग्न ठरताना पत्रिकेपेक्षा याच गोष्टीची चर्चा जास्त झाली होती. सासूबाईंनी बजावलं होतं, आता आमच्या बाजूला बसायचं. मी आडनाव बदललं, बाजू बदलली नाही. या दोन कॉलेजांची गाठ दर वर्षी कुठल्या ना कुठल्या फेरीत पडायचीच. सुट्टी त्या मॅचच्या तारखेला जुळवायची, कोल्हापूरला पोचल्यावर सामान टाकायचं आणि दुपारी चारला मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं. मी एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला. घसा बसेपर्यंत ओरडायचं. वर्षभरात मी इथे एवढ्या मोठ्याने कधी बोलत नाही, एसीवाल्यांशीसुद्धा नाही.

आमच्या संघाला माझा थोरला भाऊ शिकवायचा. तो कॉलेजात खेळाचा शिक्षक. संघाला त्याने चारदा फायनलला नेलं आणि चारही वेळा ते हरले. त्या मे महिन्यात तो रिटायर होणार होता, म्हणजे ही शेवटची संधी. सेमीफायनलच्या वेळी मी इथून फोनवर होते. वहिनी मैदानात उभी राहून सांगत होती. तिला खेळातलं काही कळत नाही, त्यामुळे आपली लाल पोरं तिकडं पळाल्यात, आता परत आल्यात, एवढंच. मला तेवढं पुरलं. आम्ही जिंकलो.

मग कोरोनामुळे फायनल आठ दिवस पुढे गेली. मग महिनाभर. मग विमानंच बंद झाली. मी मास्क लावून दारोदार सॅनिटायझरचे कॅन पोचवत होते आणि डोक्यात फायनल होती. माणसं मरत असताना मॅचचा विचार करते याची लाज वाटायची, पण विचार यायचाच. नवरा रोज जेवताना ऐकवायचा की मागच्या वर्षीचा कप आमच्याकडे आहे, खेळ होईपर्यंत चॅम्पियन आम्हीच. एका दुपारी मी त्याच्यापुढचं भाजीचं भांडं उचलून आत नेलं.

मे संपता संपता संयोजकांनी फायनल रद्द केली. दोन्ही कॉलेजांना संयुक्त विजेते करायचं ठरलं, दोन्ही शिक्षकांनी फक्त सही करायची होती. भावाने नकार दिला. मी लगेच फोन लावला.

“दादा, सही कर. इतक्या वर्षांत एकदा तरी कपावर नाव येईल.”

“न खेळता?”

“सेमी खेळूनच आलाय ना तुम्ही?”

“आणि पोरांना काय सांगू? घरात बसून जिंकलो म्हणून?”

मी त्याला खुळा म्हटलं. तुझ्या हट्टापायी पोरांची सर्टिफिकिटं जातील, हेही सुनावलं. त्याने फोन ठेवला. पुढे कळलं की समोरच्या संघाच्या सरांनीही सही केली नाही. विजेत्यांच्या फलकावर त्या वर्षापुढची जागा रिकामी राहिली. भावाचा निरोप समारंभ मोबाइलवर झाला, त्यातही मध्येच नेट गेलं. त्यानंतर आम्ही दर आठवड्याला बोलायचो, पण फुटबॉल सोडून.

गेल्या थंडीत तो आणि वहिनी व्हिजिट व्हिसावर आले. मनामाचं सूक, म्हणजे तिथला जुना बाजार, दाखवून झालं. शुक्रवारी सकाळी बुदैयाच्या रस्त्याला लागलो तर एका मोकळ्या जागेत कामगार फुटबॉल खेळत होते. भाऊ म्हणाला, थांबव जरा. गाडीला टेकून तो बराच वेळ बघत राहिला. तेव्हा मी विचारलं.

“सही केली नाहीस, त्याचं वाईट वाटतं का रे?”

“सहीचं नाही.” त्याची नजर मैदानावरच होती. “आम्ही हरलोच असतो की. आमचा गोलकीपर कच्चा होता.”

“मग?”

“मग काय? हरलो असतो. पण मॅच झाली असती गं.”

नवरा बाजूलाच उभा होता. चिडवायची ही संधी तो सोडणार नाही असं मला वाटलं. तो म्हणाला, “दादा, आमच्या सेंटर फॉरवर्डचा गुडघा गेला होता त्या वर्षी. पोरांनी लपवून ठेवलं होतं. मला नंतर कळलं.”

भाऊ सावकाश त्याच्याकडे वळला. “कुठला गुडघा, पाव्हणं?”

“उजवा.”

“मग त्याला आम्ही डावीकडंच रेटला असता.”

गाडीच्या बॉनेटवर आठवड्याची धूळ होती. भावाने तिच्यात बोटाने मैदान आखलं आणि ठिपके देऊन आपली अकरा पोरं उभी केली. नवऱ्याने समोर आपली अकरा मांडली. वहिनी गाडीत जाऊन बसली. मी थोडा वेळ बघितलं, मग आमचा लेफ्ट बॅक फार पुढे ठेवला होता, तो पुसून मागे घेतला.