मोसंबी पाहून शेजारीण धावत आली

गड्यांनो, आज निघालो होतो दौलताबादचा किल्ला बघायला. वाटेत पडेगावात मोसंब्यांची हातगाडी दिसली अन् किल्ला राहिला. पिशवीभर मोसंबी घेऊन तिथंच राहणाऱ्या माझ्या ताईकडं गेलो. ताई अन् दाजी दोघंही मजुरीला जातात.

पिशवी पाहून शेजारच्या मावशी धावतच आल्या. "अगं बाई, कोण आजारी पडलं?"

"कुणी नाय मावशी, असंच आणलंय."

"असंच? मोसंबी?"

ताई हसली अन् पिशवी वर फळीवर ठेवायला लागली. "राहू दे, कुणाला ताप आला तर कामी येतील."

तिची लेक परी पाच वर्षांची, लई अशक्त. तिला रोज फळं-भाज्या द्या, असं अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलंय. ती मला चिकटून म्हणाली, "मामा, बघ ना, मला ताप आलाय."

कपाळाला हात लावला, तर थंडगार!

ताईनं पिशवी खाली घेतली अन् तिथंच मोसंबी सोलायला बसली. पहिली फोड परीला, दुसरी मावशींना.

फळं महाग आहेत, खरंय. पण परवडतं त्या दिवशीही आपण ती आजाऱ्यासाठीच का ठेवतो? सगळे ठणठणीत असताना तुमच्या घरी शेवटचं फळ कधी आलं होतं?