शेजारच्या आजोबांची उलटतपासणी

साऱ्या आयर्लंडात आमच्या शेजारच्या चिनी आजोबांइतका संशयी माणूस शोधून सापडायचा नाही. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, म्हातारपण ॲडम्सटाउनमध्ये लेकीकडे. पोस्टमन हसला तर "याला काय हवंय?" आणि नाही हसला तर "याला काहीतरी कळलंय." ऊन पडलं की छत्री घेऊन निघत, आणि इथल्या लहरी पावसात ते शहाणपणच ठरत असल्यामुळे स्वभाव सुधारायला वावच नव्हता. कालव्याकाठी फिरायला मात्र त्यांना रोज मी लागायचो. नाव विचारलं, तर म्हणाले, "कशाला?"

वर्ध्याहून आई आली आणि करंज्यांचा डबा घेऊन थेट त्यांच्या दारात उभी राहिली. "का हो भाऊ, आडनाव काय तुमचं? गाव कोनतं? घरी कोन कोन असते?" आपल्याकडे एवढं विचारल्याशिवाय ओळख झाली असं कुणी मानत नाही, म्हणून मीही इमानेइतबारे भाषांतर केलं. आजोबांनी उचललेली करंजी डब्यात परत ठेवली आणि दार लावलं. फिरणं बंद झालं. मला ते फार लागलं. इथे रोज बोलायला माझं तेवढंच माणूस होतं.

शेवटी त्यांच्या लेकीने उलगडा केला. अमेरिका चिन्यांना आत घेत नसे त्या काळात आजोबांचे वडील सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी वस्तीतल्या अमेरिकन नागरिक असलेल्या कुणा परक्याचा कागदोपत्री मुलगा होऊन आले. उतरल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांना कोंडून ठेवून विचारलं, आडनाव काय, गाव कोणतं, दाराचं तोंड कुठे, विहीर कुठे? बोटीवर घोकलेलं एक उत्तर चुकलं असतं, तर परतीची बोट. उरलेला जन्म उसन्या आडनावात गेला, आणि विचारणाऱ्याला काही सांगायचं नाही हा घरचा नियम झाला.

हे ऐकून आईने करंज्यांचा डबा पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या दारात. या वेळी तिने काहीच विचारलं नाही, आपलंच सांगत बसली. "आमचं दार पूर्वेले. विहीर घरामांगं. शेजारी सोनार राह्यते." आजोबा अर्धं दार धरून ऐकत होते. मग म्हणाले, "आमचं दक्षिणेला. खऱ्या घराचं सांगतोय." आणि करंजी उलटसुलट तपासून खाल्ली.

आई परत गेल्यापासून ते फिरताना माझी उलटतपासणी घेतात. "तुझ्या आईची विहीर कुठे?" "घरामागे." उत्तर जुळलं की इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणून पुढे चालू लागतात.

यंदा आई भावाकडे पुण्याला राहायला गेली. घर विकलं, नव्या मालकाने विहीर बुजवली. रविवारी आजोबांनी विचारलं, "विहीर कुठे?" मी म्हणालो, "घरामागे," आणि नजर कालव्याकडे वळवली. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबर," ते म्हणाले. "कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं."