मंगल कार्यालयातला बोलता कॉम्प्युटर

मंगळवारी सकाळी माझा भाऊ गेला. दुपारी आम्ही त्याला माती दिली. आमच्यात जाळत नाहीत, माणसाला बसवून माती देतात.

नंतर घरी माणसं येत राहिली. भेटायला आलेला माणूस आधी गप्प बसतो, पाणी पितो आणि मग गेलेल्याची एखादी आठवण काढतो. बहुतेकांना एकच आठवण सुचत होती, बोलत्या कॉम्प्युटरची. सांगता सांगता त्यांना हसू यायचं आणि मग ओशाळून ते मान खाली घालायचे. मला कुणाचा राग आला नाही. पण त्यांच्या गोष्टीत माझा भाऊ भोळा आणि मी हुशार, असं असतं. तसं नव्हतं. माझा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं, तेही सावकाश. म्हणून हे लिहिते आहे.

नव्वदनंतरची ती वर्षं. अंबाजोगाईत घरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.ची पिवळी पाटी लागली होती. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द तर कशालाही लावायचे. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरने डोळे तपासत, ज्योतिषी कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देत, एका शिंप्यानेही पाटीवर ‘कॉम्प्युटर कटिंग’ रंगवून घेतलं होतं. खरा कॉम्प्युटर मी आमच्या कॉलेजात पाहिला होता. तो एका थंड खोलीत असायचा आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळासारखंच. मी ग्रंथालयात त्याच्यावरची पुस्तकं आणि मासिकं वाचली होती. त्यामुळे तो काय करतो हे मला साधारण ठाऊक होतं, आणि काय करत नाही हे त्याहून जास्त.

मेन रोडवर अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, कापडाचं दुकान होतं. युसूफ वडगाव या गावच्या बाजारात आजोबा गाठोडं घेऊन बसायचे. त्या गाठोड्याचं दुकान अप्पांनी केलं. आमचं जेवण, माझं शिक्षण, दोन आत्यांची लग्नं, सगळं त्याच दुकानातून झालं. भाऊ बी.कॉम. होऊन गादीवर बसला होता, पण त्याचं मन तिथे लागत नव्हतं.

“अक्का,” तो म्हणायचा, “बाई येती, सगळ्या साड्या उलगडती आन् एक परकर घेऊन जाती. मी जन्मभर घड्या घालत बसू का?”

अशातच एक माणूस आला. टाय, गळ्यापर्यंत बंद बटणं, हातात ब्रीफकेस. त्याच्या कंपनीने म्हणे मराठी समजणारा कॉम्प्युटर बनवला होता. टायपिंग नको, शिकणं नको. आपण बोलायचं, त्याला समजतं आणि तो पडद्यावर मराठीत उत्तर लिहितो. जगात असं दुसरं यंत्र नाही. प्रत्येक जिल्ह्याला एकच एजंट नेमायचा होता आणि बीड जिल्हा अजून रिकामा होता. अनामत एवढी मोठी होती की ती भरायची तर दुकान विकावं लागणार होतं. गिऱ्हाईकही हजर होतं. शेजारच्या मेडिकलवाल्याला जागा वाढवायचीच होती.

भावाला ती एजन्सी हवी होती. घरात वाद झाला. मी भावाला म्हटलं, असं यंत्र असतं तर ते आधी मुंबईच्या बँकांत दिसलं असतं, आपल्या मेन रोडवर नाही. तो चिडला नाही. तो म्हणाला, “आईचं बघ. मामाला पत्र लिव्हायचं म्हणलं की तिला तुझी न्हाईतर माझी वाट बघावी लागती. आन् आपल्यासमोर तिला मनातलं सांगता येतंय का? ‘सगळं ठीक हाय’ एवढंच लिव्हती. मशीन आलं तर ती मशीनला सांगल. मशीनची काय लाज?”

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तिची पत्रं मीच वर्षानुवर्षं लिहिली होती. त्यांत तिचं काहीच नसायचं, हे मलाही माहीत होतं. त्याची इच्छा खरीच होती. यंत्राबद्दल मला शंका होती.

अप्पांनी वाद तोडला. “आयतवारी मंगल कार्यालयात दाखवणार हायत ना? मीबी येतो. तू शिकलेली हायस, तू बघ. तू हो म्हणलीस तर मी सही करतो. न्हाई म्हणलीस तर पुन्हा हा विषय घरात काढायचा न्हाई.” शेवटचं वाक्य भावाकडे बघून होतं.

रविवारी मंगल कार्यालय भरलं होतं. व्यापारी, डॉक्टर, आमच्या कॉलेजातले प्राध्यापक. लाइट जाईल म्हणून बाहेर जनरेटर आणून ठेवला होता. स्टेजवर, एरवी नवरा-नवरी बसतात तिथे, टेबलावर कॉम्प्युटर आणि पुढे माइक. मागे लग्नाचाच लाल मखमली पडदा. टायवाला म्हणाला, “कुणीही या. काहीही विचारा.”

एकाने बीडची एस.टी. विचारली. थोड्या वेळाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठी अक्षरं उमटली आणि टाळ्या पडल्या. एका भुसार व्यापाऱ्याने माइक ओढून घेतला. “काय बे, लई गरम व्हायलंय, कावून?”

अक्षरं आली, ‘उन्हाळा आहे म्हणून. पंख्याखाली बसा.’

सगळं कार्यालय हसलं. भाऊ माझ्या शेजारी बसला होता. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. त्याच्या मनात आईच असणार.

मला मात्र त्याच उत्तराने सावध केलं. ‘व्हायलंय’ आणि ‘कावून’ पुण्याच्या पाहुण्यांनाही पहिल्यांदा कळत नाही. हे यंत्र म्हणे परदेशी शास्त्रज्ञांनी घडवलेलं, आणि त्याला आमची बोली अशी कळत होती, जणू ते इथेच कुठेतरी वाढलं होतं. मी उठले. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी सरळ स्टेजवर गेले. मी माइकमध्ये चार आकडी दोन संख्या सांगितल्या आणि त्यांचा गुणाकार विचारला.

पडदा कोरा राहिला. बराच वेळ. मग आलं, ‘कृपया सोपा प्रश्न विचारा.’

“अहो, मास्तरीणबाई कॉम्प्युटरला पाढे म्हणायला लावायल्यात!” मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा. टायवाला अजिबात गडबडला नाही. “बाई, हाच तर शोध आहे. जुने कॉम्प्युटर हिशेब करायचे. हा माणसासारखा विचार करतो. माणसाला जमतो का असा गुणाकार?”

लोकांना हे पटलं. मला ते उत्तर आजही आठवतं, कारण ते फार चांगलं होतं. पण खिशातला कॅल्क्युलेटर जे करतो ते ज्याला येत नाही आणि गल्लीतला माणूस जे बोलतो ते ज्याला लगेच कळतं, तो माणूस असतो. माझ्या मनात आता प्रश्न एवढाच होता, तो कुठे बसलाय.

आमच्या लोकांत भेटलं की ‘शरणार्थ’ म्हणतात. समोरच्याने उलट ‘शरणार्थ’ म्हणायचंच. कपिलधारच्या यात्रेला गेलं तर दिवसभर दुसरं काही कानावर पडत नाही. आजारी माणूस अंथरुणातून उत्तर देतो, भांडलेले भाऊभाऊसुद्धा देतात. ते न देणं म्हणजे समोरच्याला उंबऱ्यावरून हाकलणं. इथला कापडवाला आमचा, किराणावाला आमचा. आत बसलेला माणूस आमच्यातला असण्याची शक्यता बरीच होती. नसता, तरी माझं काही जाणार नव्हतं.

मी माइकजवळ वाकले आणि म्हणाले, “शरणार्थ.”

इतका वेळ प्रत्येक उत्तराला थांबणारा तो पडदा या वेळी जराही थांबला नाही. ‘शरणार्थ शरणार्थ.’

अर्धं कार्यालय चिडीचूप झालं, कारण अर्धं कार्यालय आमचंच होतं. टायवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे काय? म्हणजे, बाई, तुम्ही काय म्हणालात?”

“तुम्ही बनवलेल्या यंत्राला कळलं,” मी म्हटलं. “तुम्हाला कळलं नाही?”

तो काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतून अप्पा उठले. स्टेजमागे नवरीची खोली असते. तिच्या दाराकडे तोंड करून त्यांनी दुकानात नोकराला हाक मारावी तशी हाक मारली, “आत कुणाचं हाय रे लेकरू? ये भाईर.”

दार उघडलं. लेकरू माझ्याहून वयाने मोठं, डोक्याला टक्कल पडलेलं, गळ्यात हेडफोन. केजकडचा टायपिस्ट, आमच्या थोरल्या आत्याच्या सासरकडून लांबचा नातलग. हात जोडून तो अप्पांपुढे उभा राहिला.

“चुकलं, अप्पा. हे म्हणाले, मशीन शिकंपर्यंत तुमी लिव्हा, मग ते आपोआप लिव्हील.”

“आन् शरणार्थाला जबाब दिला ते?”

“ते कसं राहवंल, अप्पा? कानावर पडलं की हात चाललेच.”

टायवाला जेवायलाही थांबला नाही. जनरेटरवाला भाड्यासाठी त्याच्या मागे धावला. लोकांना हसायला एक विषय मिळाला, पण टायवाला निघून गेला होता. मग हसू त्याची एजन्सी घ्यायला निघालेल्या माझ्या भावावर आलं. बाहेर पडताना भुसार व्यापाऱ्याने त्याच्या पाठीत थाप मारली, “काय बे, नवरीच्या खोलीत टकल्या निघाला का? बरं झालं, अंतरपाट वेळेवर सरला.”

अप्पांनी सही केली नाही. मेडिकलवाल्याला निरोप गेला. दुकान राहिलं.

घरी भाऊ जेवला नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तो म्हणाला, “झालं तुझं समाधान?”

“तुला दुकान विकायचं होतं का मशीन पाहिजे होतं?”

“मशीन.”

“तिथं मशीन नव्हतंच. होता तो आत्याचा पाहुणा.”

त्याला हसू आवरलं नाही, आणि हसू आल्याचा त्याला रागही आला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “पर त्यानं लिव्हलं तर बरूबर ना? लोक बोलले तसंच लिव्हलं. आन् बोलणाऱ्याचं तोंडबी त्याला दिसत न्हवतं.” मग म्हणाली, “तसाच एक मानूस आपल्याकडं बसवा की.”



भावाने काही दिवस ते मनात घोळवलं असावं. मग त्याने दुकानाच्या माळ्यावर एक खुर्ची आणि टेबल टाकलं आणि मधे एक नऊवारी आडवी टांगली. बाहेर खडूने लिहिलं, ‘पत्र, अर्ज लिहून मिळेल. लिहिणारा पडद्याआड बसतो.’ पहिली आई आली. ती पलीकडे बसून मामाला काय काय सांगत होती ते मी ऐकलं नाही. मला एवढं दिसलं की पत्र जाड झालं होतं आणि भाऊ खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने मला त्यातलं कधी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हळूहळू साडीच्या निमित्ताने बायका यायच्या आणि माळ्यावर जायच्या. मुंबईला कामाला गेलेल्या नवऱ्याला, माहेरी, तहसीलला. पुढे त्याने खराखुरा कॉम्प्युटर घेतला, मराठी टायपिंग शिकला, पण पडदा काढला नाही. मशीनवाले येतच राहिले. कुणाचं यंत्र नाडी बघायचं, कुणाचं मुलाची हुशारी मोजायचं. भाऊ प्रत्येकाला चहा पाजायचा, सगळं कौतुकाने बघायचा आणि मग विचारायचा, “शेजारची खोली दाखवता का?” दुकान त्याने पुन्हा कधी विकायला काढलं नाही. घड्या घालतानाची कुरकूरही संपली होती.

आता खरोखरच बोललेलं लिहिणारी यंत्रं आली आहेत. भावाच्या मुलीच्या, माझ्या भाचीच्या फोनमध्ये मी बोलते आणि मराठी उमटतं, बहुतेक बरोबर. मी ते तपासलं आणि मान्य केलं. दाखवलेलं मानायचं, पण दाखवणाऱ्याने निवडलेला प्रश्न सोडून आपला प्रश्न विचारायचा, एवढंच माझं म्हणणं तेव्हा होतं आणि आजही आहे. फोन ‘कावून’ अजून चुकवतो. कधीतरी शिकेल.

पत्रासाठी येणाऱ्या बायकांना फोनला सांगायला भाची सुचवते. काही जणी सांगतात. काही जणी म्हणतात, फोन ऐकतो खरा, पर आणखी कोण कोण ऐकतंय ते कळत न्हाई. हा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि त्याचं उत्तर मला कुणी अजून समाधानकारक दिलेलं नाही.

दुकान आहे. भाची ते चालवते. बायका अजून माळ्यावर येतात, आणि पडद्याआड आता मी बसते.